तुझी भाषा कुठली?



गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकरा वाजता इंदूरहून भाच्याचा फोन आला. इतक्या रात्री फोन वाजला की आधी काळजात धस्स होतं. पण घरी सगळं ठीक होतं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला एवढंच विचारायचं होतं, "मावशी, पायथॉन म्हणजे खरं प्रोग्रॅमिंग नसतंच का?"

हळूहळू सगळा प्रकार कळला. माझी बहीण घरून डबे देते. रोजचे चाळीसएक डबे. कुणाची आज सुट्टी, कुणी आगाऊ पैसे दिलेत, कुणाला रविवारी दोन डबे, हे सगळं ती वहीत मांडायची आणि महिनाअखेरीला दोन रात्री जागून बेरजा करायची. भाच्याने पायथॉन या भाषेत तिच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तीन महिने तो छान चालला. बहिणीच्या दोन रात्री वाचल्या.

मग त्याने तो प्रोग्रॅम कॉलेजात एका सीनियरला दाखवला. सीनियर हसला. म्हणाला, "हे बालवाडीचं काम झालं. प्रोग्रॅमर असशील तर सी प्लस प्लसमध्ये लिहून दाखव." बरोबरची मुलंही हसली. त्या दिवसापासून भाच्याने पायथॉनला हात लावला नाही. सगळं नव्याने सी प्लस प्लसमध्ये लिहायला घेतलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. मधल्या काळात बहिणीने डब्याचा दर वाढवला. जुन्या प्रोग्रॅममध्ये तो बदलायचा राहिला. महिनाअखेरीला वही परत बाहेर आली, रात्रीचे दोन वाजले, आणि दोन गिऱ्हाइकांची बिलं चुकली ती चुकलीच.

मी त्याला काय सांगितलं ते शेवटी सांगते. पण त्याच्या प्रश्नात एक मोठी गंमत आहे आणि एक मोठं दुखणंही आहे. आज त्याबद्दलच बोलू या.

दुभाष्यांची दुनिया

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणकाला किंवा तुमच्या हातातल्या फोनला आतून फक्त आकड्यांतल्या सूचना कळतात. माणसाने तशा सूचना लिहायच्या म्हटल्या तर तो दोन दिवसांत वेडा होईल. म्हणून माणसाला जमेल अशी एक नेमकी, नियमांनी बांधलेली भाषा तयार करतात. आपण त्या भाषेत लिहायचं आणि मधला दुभाषी प्रोग्रॅम ते यंत्राला समजावून सांगतो. अशा भाषा शेकड्यांनी आहेत. कोबॉल, सी, जावा, पायथॉन, पीएचपी, रस्ट ही त्यातली काही नावं.

आता भाषा आली की माणसं आली, आणि माणसं आली की "आमची चांगली, तुमची वाईट" हेही आलंच.

मांडवातले पाहुणे

प्रोग्रॅमर मंडळी जेवायला बसली असताना तुम्ही शेजारच्या टेबलावर बसा. तुम्हाला वाटेल, ही माणसं आपापल्या नातेवाइकांबद्दल बोलताहेत.

जावा म्हणजे सरकारी कचेरी. एक दाखला हवा असेल तर तीन प्रती, वर शिक्का. पडद्यावर नुसतं "नमस्कार" उमटवायचं तरी वर्षानुवर्षं पाच ओळी लिहाव्या लागत. सी म्हणजे आजीची विळी. काम झटपट होतं, पण बोट कापलं तर तुझं तू बघ. सी प्लस प्लस म्हणजे घराचा माळा. चाळीस वर्षांत वर गेलेलं सामान सहसा खाली येत नाही. पर्ल म्हणजे डॉक्टरांचं अक्षर. लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी वाचता येत नाही. लिस्प म्हणजे कंसांची रांगोळी. हॅस्केल म्हणजे पाकशास्त्रावर ग्रंथ लिहिणारे काका, चहा मात्र शेजारी जाऊन पिणार. पीएचपी शिकून कित्येकांनी पहिला पगार घेतला, पण चारचौघांत तिची ओळख कुणी सांगत नाही. कोबॉल म्हणजे पेन्शनर काका. रस्ट म्हणजे नुकतीच गळ्यात माळ घातलेला भाविक. भेटेल त्याला म्हणणार, "तुम्हीही सोडा ते जुनं सगळं." आणि पायथॉन म्हणजे गुलाबजामचं तयार पाकीट. पाणी घाला, तळा आणि सुगरण म्हणवून घ्या.

जावास्क्रिप्टचं तर नावापासूनच हसं. जावाशी तिचं नातं आंबा आणि आंबाडी यांच्याइतकंच. जावाचा तेव्हा बोलबाला होता म्हणून ते नाव चिकटवलं.

मला या चेष्टा आवडतात. मीही करते. आणि बहुतेकींच्या मुळाशी एखादी खरी गोष्ट असते. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत तयार केला होता. त्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत. पीएचपी रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेल्या छोट्या साधनांतून वाढली. आधी आराखडा आणि मग घर, असं तिच्या बाबतीत झालंच नाही. सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये युनिक्स लिहिण्यासाठी घडवली. ज्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे, अशा माणसाच्या हाती द्यायचं ते हत्यार होतं. विळीला धार असणारच.

पण चेष्टेत एक गोष्ट गाळली जाते. दहा दिवसांत जन्मलेल्या त्या भाषेवर आज बहुतेक सगळी संकेतस्थळं हलतात. जिचं नाव चारचौघांत घेत नाहीत, त्या पीएचपीवर विकिपीडिया चालतो. आपला मराठी विकिपीडियासुद्धा.

ही खोड जुनी

तुम्हाला वाटेल, ही आजच्या तरुण पोरांची भांडणं असतील. तसं नाही.

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा आणली. गणिताची सूत्रं जवळजवळ सूत्रांसारखीच लिहा, यंत्राच्या बोलीत करून देण्याचं काम आमचा प्रोग्रॅम करील, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळातल्या मुरलेल्या प्रोग्रॅमरांना ते पटेना. यंत्राच्या बोलीत लिहिणं हीच खरी विद्या, असं त्यांना वाटे. बॅकस यांनी पुढे आठवणी लिहिताना या मंडळींना पुरोहितवर्गाची उपमा दिली. आपल्याला हे नवं नाही. संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत ज्ञान सांगणं कमीपणाचं मानलं जाई, तो काळ महाराष्ट्रानेही पाहिला आहे.

त्यानंतरचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एड्सखर डाइक्स्ट्रा यांचं. हे नेदरलँड्सचे थोर संगणकशास्त्रज्ञ. तुमच्या फोनमधला नकाशा जवळचा रस्ता शोधतो त्या विद्येच्या पायात त्यांनी १९५६ मध्ये सुचवलेली पद्धत आहे. याच माणसाने १९७५ मध्ये एक टिपण लिहिलं आणि त्यात एकेका भाषेला झोडपून काढलं. कोबॉल वापरल्याने मेंदू पंगू होतो, तेव्हा ती शिकवणं हा गुन्हा ठरवावा, असं त्यांनी म्हटलं. आधी बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्याला चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य, त्याच्या बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही, असंही लिहिलं.

गंमत बघा. त्याच १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी मायक्रोसॉफ्ट सुरू केली आणि कंपनीचं पहिलंवहिलं उत्पादन होतं बेसिक. पुढे फिनलंडमध्ये एक मुलगा आजोबांच्या घरगुती संगणकावर बेसिक शिकला. त्याचं नाव लिनस टोर्वाल्ड्स. त्याने सुरू केलेलं लिनक्स आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात आहे. म्हणजे तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर भरून न येणारी हानी झालेल्या एका बुद्धीचं काम तुमच्या तळहातावर आहे. आणि चक्र कसं फिरतं पाहा. हेच टोर्वाल्ड्स २००७ मध्ये सी प्लस प्लसबद्दल इतकं कडू बोलले की त्यावरून आजही वाद होतात.

हसतो नेमकं कुणाला?

आता जरा थांबून कुठल्या भाषांना सर्वांत जास्त हसलं गेलं ते पाहू.

कोबॉल १९५९ मध्ये आकाराला येऊ लागली. तिच्यामागे ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाची मोठी प्रेरणा होती. हिशोब ठेवणाऱ्या, कारभार बघणाऱ्या माणसालाही प्रोग्रॅम वाचता यावा, म्हणून तिच्यात साध्या इंग्रजी शब्दांची वाक्यं आली. बेसिक १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी तयार केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. पीएचपीमुळे स्वतःचं वेबपान करू पाहणाऱ्या हौशी माणसाची सोय झाली. पायथॉन हे गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत हाती घेतलेलं काम. वाचायला सोपी असावी हा त्यांचा आग्रह, आणि म्हणूनच आज शास्त्रज्ञांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे तिच्याकडे वळतात.

दिसलं का सूत्र? ज्या भाषेने दार जास्त उघडलं, तिलाच जास्त शिव्या. हिशोबनीस आत आले, कला शाखेची मुलं आली, हौशी लोक आले, आता तर शाळेतली पोरं येताहेत. आधीपासून आत बसलेल्यांना ही गर्दी खुपते. पण "तुम्ही कशाला आलात?" असं तोंडावर विचारता येत नाही. मग "तुमची भाषा ही काय भाषा आहे?" असं म्हणायचं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या नोकरीची सुरुवात १९९८ मध्ये कोबॉलवर झाली. तेव्हा जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असे. २००० उजाडलं की यंत्राला ते १९०० वाटेल अशी भीती होती. ते दुरुस्त करण्याचं डोंगराएवढं काम भारतात आलं आणि आमच्यासारखी शेकडो मुलंमुली त्याला जुंपली गेली. जेवणाच्या हॉलमध्ये जावावाल्यांचं टेबल वेगळं असायचं. आम्हाला ते "पुरातत्त्व खातं" म्हणत. आम्हीही हसायचो. पण त्या काळात लग्नाच्या स्थळांसमोर मी "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढंच सांगायचे. कशात आहे ते कधी सांगितलं नाही. ज्या कामामुळे बँकांचे हिशोब नवीन वर्षात नीट सुरू राहिले, त्याची मला लाज वाटत होती.

शिडीवरून दिसतं तसं

हुशार माणसंही असं का वागतात? पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने २००१ मध्ये एका लेखात याचं छान निदान केलं. त्याने "ब्लब" नावाची एक काल्पनिक भाषा घेतली, ना फार वरची, ना फार खालची. ब्लब वापरणारा माणूस शिडीवरून खाली पाहतो तेव्हा त्याला चटकन कळतं, या भाषांत अमुक सोय नाही, तमुक नाही, लोक कसं काम करतात कोण जाणे. पण तोच वर पाहतो तेव्हा वरच्या भाषा त्याला सरस वाटत नाहीत, नुसत्या विचित्र वाटतात. कारण त्याला विचारच ब्लबमध्ये करायची सवय झालेली असते. जी सोय कधी वापरली नाही, तिची उणीव कशी भासणार?

मला हे पटतं. गावाला पाट्यावर चटणी वाटणाऱ्या आजीला मिक्सर म्हणजे नुसता आवाज वाटतो, आणि मिक्सरवर वाढलेल्या नातीला पाटा म्हणजे नुसते कष्ट. दोघींनाही आपापल्या जागेवरून खरंच तसं दिसत असतं. फक्त एक चिमूटभर मीठ टाकायला हवं. ग्रॅहम स्वतः लिस्पचे भक्त. त्यांच्या शिडीच्या वरच्या पायरीवर कोण बसलं असेल, ते सांगायला नको.

आकडे काय म्हणतात?

कुणी म्हणेल, चेष्टा सोडा, पण काही भाषांत चुका जास्त होतात हे तर सिद्ध झालंय ना? इथे एक बोधप्रद गोष्ट आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी गिटहबवरचे ७२९ प्रकल्प आणि १७ भाषा तपासून एक अभ्यास मांडला. काही भाषांचा चुकांशी संबंध जास्त दिसतो, काहींचा कमी, असा त्याचा सूर होता. फरक लहान आहे, हेही त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. पण वाद घालणाऱ्यांनी तेवढं वाक्य सोडून बाकीचं उचललं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला. आधी ११ भाषांच्या बाबतीत दिसलेला संबंध आता फक्त ४ भाषांपुरता उरला, आणि तोही अगदी किरकोळ.

भाषा चांगली म्हणून काम चांगलंच होईल, असंही नाही. एडा ही भाषा अतिशय शिस्तीची मानली जाते. विमानं, अग्निबाण अशा ठिकाणी ती वापरतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याचा तो प्रोग्रॅम एडामध्येच होता. आधीच्या एरियन ४ चा भाग तसाच उचलला होता. नव्या अग्निबाणाचा वेग निराळा, त्यामुळे एक आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावला नाही. मोठं पातेलं उपडं करायचं आणि खाली वाटी धरायची, असं झालं. दोष भाषेचा नव्हता. जुनं काम नव्या परिस्थितीत चालेल का, हे नीट तपासलं गेलं नव्हतं.

उलट, "भाषा जुनाट, म्हणजे दोष तिचाच" हेही फसतं. एप्रिल २०२० मध्ये करोनामुळे अमेरिकेत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. बेकारभत्त्यासाठी अर्जांचा लोंढा आला आणि न्यू जर्सी राज्याची यंत्रणा कोलमडली. राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे सांगितलं, आम्हाला कोबॉल येणारे लोक हवेत. जगभर बातम्या झाल्या, बघा, साठ वर्षांच्या म्हाताऱ्या भाषेने घात केला. पण तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक मार हिक्स यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की आतली कोबॉलची यंत्रणा काम करत होती. लोक ज्या संकेतस्थळावर अर्ज भरत होते ते ढेपाळलं होतं, आणि ते जावामध्ये होतं.

मला हे वाचून माझं जेवणाचं टेबल आठवलं. पण गंमत बाजूला ठेवा. घरात पैसा नाही, भत्ता अडकलेला, अशा माणसाच्या दृष्टीने विचार करा. दुखणं एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्या ठिकाणी. पूर्वग्रह इथे नुसता विनोद राहत नाही.

मग फरक नाहीच का?

आहे. "सगळ्या भाषा सारख्याच" असं म्हणणं हाही आळशीपणा झाला.

रस्टवाल्यांना मी माळकरी म्हटलं, पण त्यांच्या प्रवचनात दम आहे. सी आणि सी प्लस प्लसमध्ये संगणकाची स्मृती प्रोग्रॅमरने स्वतः सांभाळायची असते. तिथे हात चुकला की चोराला खिडकी मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०२० मध्ये सांगितलं की त्यांच्याकडच्या सुरक्षेच्या गंभीर त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के या एकाच प्रकारच्या होत्या. रस्ट ही खिडकी आधीच बंद करते. म्हणून तर २०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली.

पायथॉन हळू आहे, हेही खरं. निव्वळ आकडेमोडीत ती सीच्या कितीतरी पट मागे पडते. पण पायथॉन वापरणारे शास्त्रज्ञ अवजड आकडेमोड ज्या तयार साधनांकडून करून घेतात, ती आतून बरीचशी सी आणि फोरट्रानमध्येच लिहिलेली आहेत. म्हणजे नात पुढे उभी राहून पाहुण्यांशी गोड बोलते आणि स्वयंपाकघरात पणजोबा पदर खोचून, आपलं, धोतर खोचून कामाला लागलेले असतात. एका घरात सगळे नांदतात.

टीका आणि टिंगल यांतला फरक ओळखायला मी एक साधी खूण ठेवली आहे. टीका "कशासाठी?" हा प्रश्न आधी विचारते. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रासाठी ही भाषा नको, कारण अमुक, ही टीका झाली. तिच्यातून शिकायला मिळतं. टिंगल मात्र "कोण?" याच्यापाशी थांबते. ही भाषा वापरतोस म्हणजे तू कच्चा. तिच्यातून कुणी काही शिकत नाही.

पुण्यातलं एक वर्ष

तुम्ही म्हणाल, थोडं हसले तर एवढं काय बिघडलं? चिडवल्याने जिद्द येते, माणूस पुढे जातो.

मी इंदूरची. होळकरांच्या काळापासून तिकडे रुजलेली आमची मराठी. शेजारी हिंदी, बाजारात हिंदी, त्यामुळे आमच्या बोलण्यात तिचा वास येणारच. बारावीनंतर पुण्याला शिकायला आले. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "मी जेवून राहिली आहे, तुम्ही व्हा पुढे." खोलीभर हशा पिकला. पुढे कितीतरी दिवस मुली मला पाहिलं की म्हणायच्या, "काय करून राहिली?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यातल्या दोघी आजही माझ्या जिवाभावाच्या आहेत.

पण त्या हसण्याने मी शुद्ध मराठी शिकले नाही. मी गप्प बसायला शिकले. शाळेत वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी मी वर्षभर वर्गात हात वर केला नाही. येत असलेलं उत्तरही मनातल्या मनात आधी तपासून पाहायचे, तोवर दुसरी कुणी सांगून मोकळी व्हायची.

ही मासिकं वाचणारे तुम्ही बडोद्याचे असाल, हैदराबादचे असाल, तंजावरचे असाल, विदर्भातले किंवा कोकणातले असाल. यातलं काहीतरी तुमच्याही वाट्याला आलं असेल. तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको की टिंगलीचा खरा खर्च कुठे पडतो. हसणारे पाच मिनिटांत विसरतात. ज्याला हसले, तो मात्र आपलं काम, आपला प्रश्न, आपलं उत्तर झाकून ठेवायला लागतो. आणि माझ्या बहिणीची वही पुन्हा बाहेर येते.

घरात हा प्रश्न आला तर

अनेक घरांत आता मुलं विचारतात, आईबाबा विचारतात, कधी निवृत्त झालेले आजोबाही विचारतात, "कुठली भाषा शिकू?" माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली, आधी काय करायचंय ते ठरवा. वेबपान करायचं असेल तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही. आकडे, तक्ते, विज्ञान यांत रस असेल तर पायथॉन बरी. यंत्राच्या पोटात डोकवायचं असेल तर सी.

दुसरी, एका भाषेत एक काम तडीला न्या. अर्धवट शिकलेल्या पाच भाषांपेक्षा पूर्ण चालणारा एक छोटा प्रोग्रॅम जास्त शिकवतो. तो कुणीतरी रोज वापरत असेल तर आणखीच.

तिसरी, मग दुसरी भाषा शिका आणि ती मुद्दाम वेगळ्या स्वभावाची निवडा. ब्लबच्या शिडीवरून वरचं दिसायचं असेल तर एक पायरी चढावीच लागते. दुसरी भाषा आली की पहिलीतलं चांगलं काय आणि उणं काय, तेही नव्याने कळतं. मराठीबरोबर कानडी किंवा तमीळ शिकलेल्या कुणालाही विचारा.

चौथी गोष्ट पालकांसाठी. "ही एक भाषा शिका, नोकरी पक्की" अशी जाहिरात दिसली तर पुढे चला. भाषा येतात, जुन्या होतात. अडचण समजून घेऊन तिचे तुकडे करायची आणि एकेक तुकडा सोडवायची सवय मात्र कुठल्याही भाषेत उपयोगी पडते. मी कोबॉलवरून जावावर गेले, तिथून पायथॉनवर. प्रत्येक वेळी सामान नवं होतं, हात तेच होते.

आणि सीनियर मंडळींना एक विनंती. चेष्टा जरूर करा, पण बरोबरीच्या माणसाची. सी प्लस प्लसचे जनक बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या एका प्रसिद्ध उद्गाराचा आशय असा आहे की भाषा दोनच प्रकारच्या असतात, लोक जिच्या नावाने ओरडतात ती आणि जी कुणी वापरतच नाही ती. त्या उद्गाराचा आधार घेऊन मुरलेल्या माणसांनी एकमेकांना खुशाल टोमणे मारावेत. पण समोर उभा असलेला मुलगा आपला पहिला प्रोग्रॅम दाखवायला आला असेल, तर आधी एवढंच विचारा, "हे काय करतं? दाखव ना चालवून."

त्या रात्री मी भाच्याला हेच विचारलं होतं. "तुझ्या आईचा हिशोब बरोबर यायचा का?"

"यायचा."

"मग ते प्रोग्रॅमिंगच होतं. आधी त्यातला डब्याचा दर बदल. सी प्लस प्लस दिवाळीच्या सुट्टीत शीक, जरूर शीक. पण आईची वही बंद करून."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "आत्ताच करून राहिलो, मावशी."

दहा मिनिटांत बहिणीचा मेसेज आला. दर बदलला होता, आणि पुढच्या वेळी जुन्या महिन्याचं बिल नव्या दराने निघू नये म्हणून त्याने तारखेचीही सोय केली होती. ती त्याला कुणी सांगितली नव्हती. वापरणाऱ्याची अडचण ओळखून त्याने स्वतःच केली. सीनियरला हे कळलं असतं तर तो हसला नसता, असं मला उगीच वाटतं.

तुमच्या घरातही असा एखादा छोटा प्रोग्रॅम, एखादा हिशोबाचा तक्ता किंवा एखादी बोली लाजून कोपऱ्यात बसली असेल. या महिन्यात तिला जरा बाहेर काढा. भेटू पुढच्या लेखात.